भीमाला मोठं घर द्या, नाहीतर मोठ्या घरात द्या

पत्र :

नमस्कार. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दीड वर्षापूर्वी मुलाच्या वाढदिवसाला गुरामी माशाची चार पिल्लं आणली. दोन-दोन इंचांची होती, अंगावर उभे पट्टे. काचेची पेटी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. दुकानदार म्हणाला, ‘पेटीएवढाच वाढतो, काळजी करू नका.’ दोन पिल्लं पहिल्याच महिन्यात गेली. तिसऱ्याला चौथ्याने मारून मारून संपवलं. उरलेला आता १० इंचांचा झालाय. पट्टे गेले, ओठ जाड झाले, कपाळावर टेंगूळ येतंय. मुलगा आठवीत आहे, त्याने नाव ठेवलंय भीमा. भीमा त्याच्या हातून पालक खातो. पण सारखा वर येऊन हवा घेतो, आणि रात्री दिवा घालवला की काचेवर धडक मारतो, पाणी बाहेर उडतं. मिस्टर म्हणतात सहा फुटांची पेटी करू, पण त्यांची नोकरी बदलीची. दोन वर्षांत पुण्याला जावं लागेल असं दिसतंय. सासूबाई म्हणतात घरातला मासा बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते. निफाडचे दीर म्हणतात आमच्या शेततळ्यात टाका. शेजारच्या काकू म्हणतात रामकुंडावर नेऊन गोदावरीत सोडा, पुण्य लागेल. रात्री ती धडक ऐकली की मला झोप लागत नाही. काय करू?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

ताई, आधी टेंगळाचं सांगतो, म्हणजे निदान ती एक काळजी मिटेल. तो आजार नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं, म्हणजे लहानपणी उभे पट्टे, मग पट्टे पुसट होणं, ओठ-हनुवटी जाड होणं, कपाळ पुढे येणं, हे जायंट गुरामीचं वयात येणं आहे. नरांत कपाळाचा उंचवटा जास्त दिसतो, त्यामुळे भीमा हे नाव बहुतेक योग्यच पडलंय. हवा घेण्याचंही तसंच. गुरामीच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला घड्या-घड्यांचं एक श्वसनेंद्रिय असतं आणि त्याच्या जोरावर तो पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो. भाताच्या खाचरात, दलदलीत, साचलेल्या कोमट पाण्यात जिथे बाकीचे मासे तडफडतात तिथे तो तग धरतो, तो याचमुळे. अधूनमधून वर येऊन एक घोट घेऊन खाली जाणं हा त्याचा स्वभाव आहे. मात्र तोंड पाण्याच्या वरच ठेवून राहिला, कल्ले भराभर हलायला लागले, तर तो स्वभाव नव्हे, पाणी बिघडल्याची खूण आहे. तुम्ही ‘सारखा’ हा शब्द वापरलाय, म्हणून पाण्याकडे पुढे येतो.

आता दुकानदाराचं वाक्य. ‘पेटीएवढाच वाढतो’ हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की त्याचा राग यायला लागलाय. मासा पेटी मोजून वाढत नाही. लहान पेटीत वाढ खुंटलेली दिसते ती त्याच्याच घाणीमुळे साचलेल्या नायट्रेटने, अपुऱ्या हालचालीने आणि वाईट खाण्याने. अशा माशाचा कणा वाकतो, परांच्या कडा झिजतात, आयुष्य कमी होतं. तो पेटीत ‘मावतो’ म्हणजे आतल्या आत खंगतो. आग्नेय आशियात, जावा-सुमात्रा-बोर्निओ-थायलंडच्या नद्यांत हा मासा ७० सेंटीमीटरपर्यंत जातो. घरातल्या चांगल्या मोठ्या पेटीत ४५-५० सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटाच्या वर, सहज होतो. इंडोनेशियात तो खाण्यासाठी पाळतात, अख्खा तळून ताटात ठेवतात. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात तो खाण्याचा मासा म्हणूनच बाहेरून आणला गेला. आणि नीट ठेवला तर तो २० वर्षं जगतो. तुमचा मुलगा आज आठवीत आहे. भीमा म्हातारा होईल तेव्हा तो तिशी ओलांडलेला असेल.

दुकानात ‘गुरामी’ म्हणून एकाच रांगेत काय काय ठेवलेलं असतं! लालिया गुरामी बोटाएवढी, मोती गुरामी पाचेक इंचांची, निळी गुरामी सहा इंचांची, चुंबन घेणारी गुलाबी गुरामी फूटभर होणारी, आणि त्याच रांगेत हे जायंटचं पिल्लू. दोन इंचांची असताना सगळी गोड दिसतात, दरही जवळपास सारखा असतो. ज्याला विकायचंय त्याने हा फरक सांगायलाच हवा. तुम्ही फसलात यात तुमची चूक नाही.

आज संध्याकाळी एक करा. पेटीसमोर खुर्ची घेऊन बसा आणि भीमाला वळताना बघा. १० इंचांचा मासा आणि काचेची जाडी सोडून आत उरलेली साडेअकरा इंचांची रुंदी. तो सरळ वळूच शकत नाही. आधी थांबतो, मग शरीर धनुष्यासारखं वाकवतो, नाक पुढच्या काचेला टेकतं, शेपटी मागच्या काचेला घासते, पोटाखालचे ते दोन लांब धाग्यांसारखे पर काचेवर चाचपडत राहतात, आणि मग एकदाचा तो फिरतो. दिवसातून शेकडो वेळा. तुमच्या सगळ्या घरातले वाद या एका वळण्यापाशी आणून ठेवा. सासूबाईंना, मिस्टरांनाही शेजारी बसवा. मग बोलणं सोपं होईल.

रात्रीच्या धडकेचं कारण बहुतेक अगदी साधं आहे. खोलीतला दिवा एकदम गेला की मोठा मासा दचकतो, झेप घेतो, आणि तीन फुटांत झेपेला जागा नसते. पेटीचा दिवा आधी घालवा, खोलीचा अर्ध्या तासाने, आणि एक छोटा झिरोचा दिवा रात्रभर राहू द्या. मागच्या आणि दोन्ही बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावा. वर झाकण पक्कं हवंच, कारण हा उडी मारणारा मासा आहे. पण झाकण आणि पाणी यांच्यात दोन-तीन इंच हवा राहू द्या. आणि ताई, पाणी उडतं असं लिहिलंय म्हणून काळजीने सांगतो, एक्स्टेंशन बोर्ड पेटीखाली किंवा मागे जमिनीवर असेल तर आजच उचलून भिंतीवर, पेटीपासून दूर घ्या. वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोळ घेऊन मग वर प्लगला जाऊ दे, म्हणजे थेंब ओघळला तरी झोळातून खाली पडेल. मुलगा पाण्यात हात घालतो त्याआधी हीटर आणि पंप दोन्हींचे प्लग काढायचे, हा नियम घरात भांडून लावावा लागला तरी लावा. घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या.

आता पाणी. तुमच्या पेटीत काठोकाठ सव्वाशे लिटर मावतं, प्रत्यक्षात त्याहून कमीच. एवढ्या पाण्यात एवढा मासा म्हणजे अमोनिया रोज तयार होणार. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं साचलं की हळूहळू त्रास देणारं. एक टेस्ट किट आणा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली, याच्या पलीकडे आकडा गेला की पाणी बदलायचं. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी काढा. महापालिकेचं पाणी चांगलं आहे, फक्त त्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा वासही जास्त येतो. पाणी बादल्यांत एक रात्र उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीन घाला. सगळी पेटी रिकामी करून घासून-पुसून लख्ख करायची सवय असेल तर ती सोडा. त्यात ते जिवाणू मरतात आणि पाणी आणखी बिघडतं. स्पंज पिळायचा तो पेटीतून काढलेल्याच पाण्यात, नळाखाली नाही.

खाणं एक वेळ, थोडं. मोठा झालेला जायंट गुरामी मुख्यतः पालेभाज्या खाणारा. पालक, कोबीचं कोवळं पान, साल काढून वाफवलेला मटार, दुधीचा काप, कधी केळ्याचा तुकडा, आणि जोडीला चांगले बुडणारे किंवा तरंगणारे दाणे. बाजारातला पालक अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून दोनदा धुवा, फवारणीचं औषध माशाला फार लवकर बाधतं. निफाडला कुणी गाईंसाठी अझोला, ती पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती, लावला असेल तर मूठभर मागून आणा, भीमा तुटून पडेल. चिकन-मटणाचे तुकडे, पाव, कुरमुरे नकोत.

एवढं केलंत की दोन-तीन महिने निभतील. त्याहून जास्त नाही. म्हणून मूळ प्रश्न.

मिस्टरांची सहा फुटांची कल्पना मनापासून आहे, मला ती आवडली. पण नुसत्या लांबीने भागत नाही. दीड फुटाच्या माशाला दोन फूट रुंदीत पुन्हा तेच वाकून वळणं. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट उंच, याखाली मी सांगणार नाही. त्यात हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे हजार किलो. काच, स्टँड, वाळू, दगड धरून बाराशेच्या आसपास जातं. घराच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसं-सामानाचा भार साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरतात. ही पेटी तिच्याखालच्या जागेवर त्याच्या तिपटीहून जास्त भार टाकेल. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असं नाही, भिंतीलगत, तुळईवर आडवी ठेवली तर चालूही शकतं, पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारतीचा नकाशा बघून सांगायचं. दुकानदाराने नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीनेही नाही. शिवाय नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत या माशाला २४ ते २८ अंशांवर ठेवायचं तर एवढ्या पाण्याला सहाएकशे वॉटचे हीटर लागतील, ते दिवसात दहा तास जरी चालले तरी रोज ६ युनिट. हीटर उघडा ठेवला तर भीमा एका धडकेत फोडेल, तो पेटीखालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, ठेवावा लागेल.

हे सगळं करावं, आनंदाने करावं, जर घर हलणार नसेल तर. पण दोन वर्षांनी बदली दिसतेय असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा भीमा सव्वा फुटाचा असेल, पुण्यात भाड्याचा फ्लॅट असेल, आणि हजार किलोच्या पेटीला कुठला घरमालक हो म्हणणार? तेव्हा घाईत देण्यापेक्षा आता निवांतपणे, निवडून द्यावा. माझं स्पष्ट मत तेच आहे. बदली पक्की रद्द झाली आणि इंजिनिअरने हो म्हटलं, तर माझं मत बाजूला ठेवा आणि पेटी करा.

दिरांचं शेततळं नको. त्यांचा हेतू चांगला आहे, पण निफाड म्हणजे थंडीत पारा दहाच्या खाली जाणारा, कधी कधी पाच-सहावर येणारा भाग. उघड्या तळ्याचं पाणी उतरलं की हा उष्ण प्रदेशातला मासा आधी खाणं सोडतो, मग अंगावर बुरशी धरते. उन्हाळ्यात द्राक्षबागेला पाणी गेलं की तळाशी हातभर पाणी उरतं. आणि पावसाळ्यात तळं भरून वाहिलं तर मासा ओढ्यात, ओढ्यातून नदीत.

नदीचं तर अगदी निक्षून सांगतो. काकूंना पुण्य हवंय, ते या मार्गाने मिळणार नाही. गोदावरी भीमाची नाही. थंडीला टिकला नाही तर तो तिथे हालहाल होऊन मरेल; टिकला तर नदीकाठची कोवळी वनस्पती खाईल, पेटीतले आजार तिथल्या माशांना देईल. रामकुंडाखालून वाहणारं हेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला जातं, जिथे थंडीत हजारो पक्षी उतरतात. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून ते जाहीर झालं. बाहेरून आणलेल्या माशांनी आपल्या नद्यांचं काय होतं ते तिलापियाने दाखवलंय. थाई मागूरवर तर २००० सालीच देशात बंदी घालावी लागली. आपली मरळ, आपली वाम आधीच मेटाकुटीला आल्यात. एकट्या भीमाने काय होणार असं वाटेल, पण पेटीत न मावणारा प्रत्येक मासा असाच ‘एकटा’ म्हणून सोडला जातो.

मग द्यायचा कुणाला? नाशिक, पुणे, मुंबईत मोठे मासे ठेवणारे हौशी लोक आहेत, मोठ्या पेट्यांची कामं करणारे दुकानदार त्यांना ओळखतात. दोन-तीन दुकानांत फोटो आणि लांबी देऊन ठेवा. पैसे मागू नका, पण प्रश्न भरपूर विचारा. पेटीची रुंदी किती? सोबत कोण आहे? रेडटेल कॅटफिश असेल तर नको, तो मोठा झाला की भीमाला गिळेल. दुसरा जायंट गुरामी असेल तरीही नको, दोघे एकमेकांचे पर फाडतील. मोठे सिल्व्हर डॉलर, मोठे बार्ब असतील तर उत्तम. लाइट गेल्यावर काय करता, हेही विचारा. भीमा हवा घेऊन तग धरेल, पण फिल्टर कित्येक तास बंद राहिला तर त्यातले जिवाणू मरतात. आणि पेटी डोळ्यांनी बघितल्याशिवाय शब्द देऊ नका. थंडी पडायच्या आत हे उरका, गार हवेत प्रवास नको.

नेताना आदल्या दिवशी खायला देऊ नका. जाळीने धरू नका, ते लांब धागे अडकून तुटतात. टबात हाकलून पाण्यासकटच उचला. झाकणाचा थर्माकोलचा मोठा डबा घ्या, पाठ बुडेल एवढंच पेटीतलं पाणी, वर भरपूर मोकळी हवा. सकाळी लवकर निघा. तिकडे पोचल्यावर नव्या पेटीचं पाणी थोडं थोडं डब्यात मिसळत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मगच सोडा.

सासूबाईंच्या मनातली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. घरात आलेल्या जिवाला बाहेर काढायचं नाही, ही त्यांची भावना माझ्या मते या सगळ्या सल्ल्यांत सगळ्यात मायेची आहे. त्यांना एवढंच सांगा, आपण भीमाला टाकत नाही, त्याला जागा देतोय. द्यायच्या दिवशी त्यांच्याच हातून त्याला शेवटचं पान खाऊ घाला. पेटी रिकामी राहणार नाही हेही सांगा.

मुलाचं मात्र वेगळं. त्याला शाळेतून आल्यावर रिकामी पेटी दिसता कामा नये. हा निर्णय त्याच्याशी बोलून घ्या, रडला तर रडू द्या. भीमा हाताला ओळखतो, ही त्याची कल्पना नाही. हे मासे रोज खायला घालणाऱ्या माणसाला खरोखर ओळखतात, तो आला की काचेशी येतात, परक्याला बघून मागे सरतात. आठवीतल्या मुलाने दीड वर्ष रोज वेळ देऊन कमावलेलं नातं आहे ते. म्हणून नवं घर बघायला त्यालाच न्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या, नकार द्यायचा हक्कही त्याला द्या. भीमा काय खातो, कशाला दचकतो, किती वाजता हाताशी येतो, हे सगळं एका वहीत लिहून त्याने ती नव्या मालकाला द्यावी. नव्या मालकाला त्याचा खरंच उपयोग होईल, कारण जागा बदललेला मोठा गुरामी काही दिवस रुसून कोपऱ्यात बसतो, खात नाही, आणि माणसं घाबरून नको ती औषधं घालतात.

तीन फुटांच्या पेटीत नंतर मोती गुरामी ठेवा. एक नर, दोन-तीन माद्या, आणि सोबत लहान शांत मासे. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी, नराचा गळा वयात आल्यावर केशरी होतो, पाच इंचांच्या पुढे जात नाही, आणि तीच वर येऊन हवा घेण्याची, धाग्यांनी चाचपडण्याची रीत. मुलाला ओळखीचं वाटेल. लालिया गुरामी दिसायला जास्त भडक आणि मूळची आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेची, पण दुकानांत येणाऱ्या लालियांत एक विषाणूचा आजार बराच आढळतो, म्हणून पहिल्यांदा तिच्या वाटेला जाऊ नका. भीमा गेल्यावर फिल्टर बंद करू नका. नवे मासे आठवड्याभरात येणार असतील तर रोज चिमूटभर दाणे पाण्यात टाकत राहा, म्हणजे जिवाणू उपाशी मरणार नाहीत आणि पिल्लं पहिल्या महिन्यात दगावणार नाहीत. मागच्या वेळी तुमची दोन पिल्लं बहुधा त्यानेच गेली. नव्या पेटीत जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पेटी व मासे एकाच दिवशी विकणारा दुकानदार हे सांगत नाही.